तीन दारं, एक रेष

आमच्या बेळगावात ‘केस कुठवर आली?’ असं कुणी विचारलं, तर ‘कुठली केस?’ असा उलटा प्रश्न कुणी करत नाही. केस एकच. महाराष्ट्र सरकारने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, गणपतीच्या मंडपात हा विषय निघतो आणि उत्तरही ठरलेलं असतं: ‘पुढची तारीख पडली.’

घरातली मोठी माणसं या बाबतीत ‘सरकार’ हा एकच शब्द वापरतात. ‘सरकारने आमचं ऐकलं नाही’ असं म्हणताना त्या एका शब्दात पंतप्रधान, संसद, मुख्यमंत्री, कलेक्टर आणि न्यायाधीश असे सगळेच बसलेले असतात. राज्यघटनेने मात्र ही माणसं मुद्दाम वेगवेगळ्या खोल्यांत बसवली आहेत. प्रत्येकाला एका प्रकारचा निर्णय करता येतो, दुसऱ्या प्रकारचा करता येत नाही.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीई बेळगावातच केलं, नोकरी बेंगळुरूच्या कंपनीत, काम बरंचसं घरून. राज्यघटनेशी माझा संबंध शाळेतल्या नागरिकशास्त्रापुरता होता. मध्यंतरी माझ्या टीममधल्या एका कन्नड मित्राने सहज विचारलं, ‘हद्द तर संसदेने ठरवली. मग तुम्ही लोक कोर्टात कशाला गेलात?’ त्यात टोमणा नव्हता. प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याला नीट उत्तर द्यायचं तर घटना उघडणं भाग होतं. तेव्हापासून वाचत गेले, त्यातलं इथे सांगते आहे.

हा विषय फक्त सीमाभागाचा आहे असं समजून पान उलटू नका. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडची मराठी घराणी अठराव्या शतकात होळकर, शिंदे, गायकवाडांबरोबर गेली. आम्ही सीमाभागातले जागचे हललोच नाही, रेष हलली. पण आज आपलं रेशनकार्ड कुठल्या राज्याचं, हे आपल्या सगळ्यांच्याच बाबतीत संसदेच्या कायद्यांनी ठरवलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. इंदूर आणि ग्वाल्हेर ज्या मध्य भारत राज्यात होते, ते राज्य नव्या मध्य प्रदेशात विलीन झालं. हैदराबाद संस्थानाच्या मुलखाचे तीन तुकडे झाले: मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरला गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मागे राहिला. बडोदा १ मे १९६० ला गुजरातमध्ये गेलं. गोव्याला घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ ला मिळाला. प्रत्येक वेळी एक कायदा होता, आणि त्या कायद्यामागे घटनेचं कलम ३ होतं.

सत्ता वाटली म्हणजे काय केलं

शाळेत आपण पाठ केलं होतं: कायदेमंडळ कायदा करतं, कार्यकारी मंडळ तो राबवतं, न्यायमंडळ त्याचा अर्थ लावतं. परीक्षेला तेवढं पुरतं. पण हे असं का वाटून द्यायचं, हे मला माझ्या कामावरून लवकर समजलं. आमच्याकडे जो कोड लिहितो, त्यालाच तो तपासून मंजूर करता येत नाही, आणि मंजूर झालेला कोड थेट ग्राहकाच्या सिस्टिमवर चढवण्याची परवानगी तिसऱ्याकडे असते. लिहिणाऱ्यावर संशय आहे म्हणून असं करत नाहीत. चांगला माणूससुद्धा रात्री अकराला थकलेला असतो, म्हणून करतात. एकाच्या हातून सुटलेलं दुसऱ्याच्या नजरेला पडावं, एवढाच हेतू.

भारताच्या घटनेने ही वाटणी अगदी भिंती घालून केलेली नाही. घटना समितीत के. टी. शाह यांनी तिन्ही शाखा पूर्णपणे विभक्त ठेवाव्यात अशी दुरुस्ती मांडली होती. सभेने ती स्वीकारली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी त्यामागचा विचार सांगितला होता. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त मिळतं, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त. मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून आपल्याकडे मंत्री संसदेतच बसतात आणि लोकसभेला रोज उत्तर देतात. सर्वोच्च न्यायालयानेही १९५५ च्या रामजवाया कपूर खटल्यात म्हटलं, की घटनेने सत्ताविभाजन काटेकोर अर्थाने घेतलेलं नसलं तरी प्रत्येक शाखेचं काम पुरेसं वेगळं केलेलं आहे आणि एकीने दुसरीचं मूळ काम बळकावू नये.

भिंती नसल्या तरी उंबरे आहेत. न्यायाधीशांनी आपलं काम करताना कसं वर्तन केलं यावर संसदेत किंवा विधानसभेत चर्चा करता येत नाही. उलट, सभागृहाचं कामकाज नियमाप्रमाणे चाललं नाही एवढ्या कारणावरून न्यायालय ते तपासत बसत नाही. न्यायसंस्था कार्यकारी मंडळापासून वेगळी करावी, असं कलम ५० सरकारला सांगतं.

हद्दीच्या बाबतीत हे उंबरे कसे काम करतात, याचा उत्तम नमुना बेळगावपासून फार लांब, बंगालमध्ये आहे. १९५८ मध्ये पंतप्रधान नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान नून यांच्यात करार झाला, की बेरुबारी नावाच्या भागाची दोन्ही देशांत वाटणी करायची. करार करणं हे सरकारचं काम, ते सरकारने केलं. पण तेवढ्याने जमीन देता येते का? राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागितलं. न्यायालयाने १९६० मध्ये सांगितलं, की भारताचा प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायचा तर कलम ३ खालचा साधा कायदाही पुरणार नाही, घटनादुरुस्तीच लागेल. मग संसदेने नववी घटनादुरुस्ती केली. एका छोट्या भागासाठी तिन्ही दारं ओळीने उघडावी लागली. सरकारने ठरवलं, न्यायालयाने मार्ग सांगितला, संसदेने तो मंजूर केला.

आता हीच तीन दारं आमच्या प्रश्नासाठी उघडून पाहू.

पहिलं दार: संसद

देशाबाहेर जमीन द्यायला घटनादुरुस्ती लागते, पण देशातल्या देशात एका राज्याची जमीन दुसऱ्याला द्यायला साधा कायदा पुरतो. कलम ३ प्रमाणे संसद नवं राज्य करू शकते, असलेल्याचं क्षेत्र वाढवू-घटवू शकते, हद्द बदलू शकते, नाव बदलू शकते. कलम ४ पुढे सांगतं, की असा कायदा घटनादुरुस्ती मानला जाणार नाही. म्हणजे दोन-तृतीयांश मतांची गरज नाही, साधं बहुमत चालतं.

मग ज्या राज्याची जमीन जाते, त्याला काही विचारायचं की नाही? विचारायचं. राष्ट्रपती ते विधेयक त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवतात, मुदतही घालून देतात. पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. हैदराबादच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही, त्यांनी ते पाहिलं आहे. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळलं, तरी पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केलं आणि २ जूनला तेलंगण अस्तित्वात आलं.

याच्याही आधीचं एक उदाहरण थेट महाराष्ट्राचं आहे. १९५६ च्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई असे तीन वेगळे घटक सुचवले होते. राज्याच्या विधिमंडळाने मत दिलं ते त्या योजनेवर. संसदेने मात्र शेवटी विशाल द्विभाषिक मुंबई राज्य केलं. ‘हे तर आम्हाला विचारलंच नव्हतं’ म्हणून बाबूलाल पराते यांनी न्यायालयात आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये निकाल दिला, की संसदेने विधेयकात बदल केला म्हणून प्रत्येक वेळी नव्याने विधिमंडळाला विचारायची गरज नाही. द्विभाषिक राज्य पुढे मोडलं ते न्यायालयामुळे नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आणि महागुजरातच्या चळवळींपुढे राजकारण वाकलं आणि संसदेने १९६० चा नवा कायदा केला.

गोव्याचा मार्ग आणखी वेगळा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, हे १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात मतदान घेऊन विचारलं गेलं. घटनेत अशा सार्वमताची तरतूद कुठेच नाही. संसदेने त्यासाठी १९६६ मध्ये खास कायदा केला. विलीनीकरणाच्या विरोधात सुमारे ३४ हजार मतं जास्त पडली आणि प्रश्न मिटला. सीमाभागात मात्र असं मतदान कधी झालं नाही. संसदेने तसा कायदा केला नाही, एवढंच त्याचं कारण.

थोडक्यात, रेष हलवायची चावी संसदेच्या दाराला आहे. पण या दाराला आतून एक कडी आहे. कलम ३ खालचं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडताच येत नाही, आणि राष्ट्रपती ही शिफारस केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात. म्हणजे एखाद्या खासदाराने स्वतःहून उठून ‘बेळगाव महाराष्ट्राला द्या’ असं विधेयक आणायचं म्हटलं तरी ते मांडता येणार नाही. कडी काढायची कुणी? दुसऱ्या दारातल्या लोकांनी.

दुसरं दार: सरकार

कार्यकारी मंडळाला कायदा करता येत नाही, पण बोलणी करता येतात, समित्या आणि आयोग नेमता येतात, मन वळवता येतं. सीमाप्रश्नात हे सगळं झालं आहे. १९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी दोन प्रतिनिधींची चौघांची समिती बसली. एकमत झालं नाही. १९६६ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. १९६७ मध्ये अहवाल आला. त्यात निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, महाराष्ट्रातली २४७ गावं म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावं, असं सुचवलं होतं. महाराष्ट्राने तो फेटाळला. कर्नाटकाचं म्हणणं आजही आहे, की एक तर महाजन अहवाल नाही तर आहे तीच स्थिती.

माझं आजोळ नंदगडचं. अहवाल अमलात आला असता तर आजी महाराष्ट्रात आणि आम्ही तासाभराच्या वाटेवर बेळगावात, दुसऱ्या राज्यात, असं झालं असतं. लहानपणी मामा हे हसत सांगायचे. पण अहवालाला अंमल कधी मिळालाच नाही. माजी सरन्यायाधीशांनी लिहिला म्हणून तो निकाल ठरत नाही. न्यायाधीश निवृत्त होऊन आयोगावर बसले की ते सरकारला सल्ला देत असतात, आणि संसदेचा कायदा झाल्याशिवाय तो सल्ला कागदावरच राहतो.

सल्ल्याचा कायदा होतो तेव्हा काय दिसतं, हे पाहायचं तर आंध्र आणि मद्रास या राज्यांकडे पाहावं. त्यांच्यातल्या हद्दीचा वाद सोडवायला ह. वि. पाटसकर यांना मध्यस्थ नेमलं. पाटसकर मराठी, केंद्रात कायदामंत्री राहिलेले; मध्य प्रदेशातल्या वाचकांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते राज्यपाल म्हणूनही आठवत असतील. त्यांनी गाव हा घटक धरला, भाषिक बहुसंख्या पाहिली आणि भौगोलिक सलगता पाहिली. दोन्ही राज्यांनी तोडगा मानला, संसदेने १९५९ मध्ये कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून तिरुत्तणीचा भाग मद्रासकडे गेला, दुसरीकडची काही गावं आंध्राकडे. खेडं घटक, सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा हीच सूत्रं महाराष्ट्र बेळगावसाठी मागत आला आहे. तिथे जे चाललं ते इथे का चाललं नाही? सूत्र तेच होतं. तिथे दोन्ही मुख्यमंत्री मध्यस्थाच्या तोडग्याला हो म्हणाले, इथे म्हणाले नाहीत. घटनेत असं कुठलंही कलम नाही जे दोन मुख्यमंत्र्यांना हो म्हणायला लावील.

तिसरं दार: न्यायालय

आता मित्राच्या प्रश्नाचं उत्तर. कलम १३१ प्रमाणे दोन राज्यांमधला किंवा केंद्र आणि राज्य यांच्यातला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेता येतो. मात्र त्यात कायदेशीर हक्काचा प्रश्न असायला हवा. याच कलमाखाली महाराष्ट्राने २००४ मध्ये दावा लावला. बेळगाव शहर, कारवार, निपाणी, बिदर, भालकी असा भाग धरून ८६५ गावांवर हक्क सांगितला आणि १९५६ च्या कायद्याने केलेली विभागणी घटनेला धरून नाही असं म्हटलं. कर्नाटकाचं उत्तर माझ्या मित्रासारखंच आहे: हद्द ठरवणं हे कलम ३ प्रमाणे संसदेचं काम, न्यायालयाला त्यात अधिकार नाही. २०१४ मध्ये पुरावा नोंदवण्यासाठी न्यायालयाने आयुक्तही नेमला होता, पण अधिकारक्षेत्राचा हा आक्षेप मध्ये उभाच राहिला. वीस वर्षं उलटली, दावा अजून प्रलंबित आहे.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि हेच सत्ताविभाजनाचं सगळ्यात नाजूक ठिकाण. संसदेला हद्द ठरवायचा अधिकार आहे म्हणून ती काहीही करू शकते का? तसं असेल तर घटना कशाला? आणि न्यायालयाने स्वतःच नकाशा काढायला घेतला, तर निवडून आलेल्या संसदेचं काम काय उरलं? सॉफ्टवेअरच्या भाषेत, तपासणाऱ्याने ‘हे चुकलं आहे’ असं सांगणं वेगळं आणि त्यानेच बसून नवा कोड लिहिणं वेगळं.

म्हणून माझ्या पिढीने दाव्याकडून काय अपेक्षा ठेवावी, याचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. निकाल उद्या लागला आणि पूर्णपणे महाराष्ट्राच्या बाजूने लागला, तरी न्यायालय ‘हे घटनेला धरून नव्हतं’ असं म्हणू शकेल. गावागावांतून नवी रेष कशी जाईल, विधानसभेच्या जागा कशा वाटल्या जातील, नोकरदारांचं काय, धरणांच्या पाण्याचं काय, मालमत्तेचं आणि कर्जाचं काय, हे सगळं शेवटी संसदेच्या कायद्यातच लिहावं लागेल. १९५६ चा कायदा वाचला की कळतं, हद्दीची वाक्यं त्यात थोडी आहेत आणि या हिशेबांची कलमं भरपूर. दावा विरोधात गेला तरी संसदेचं दार बंद होत नाही. म्हणजे तिसऱ्या दारातून निघालेली वाट फिरून पहिल्याच दाराशी येते.

ठरावाचं वजन

डिसेंबर २०२२ आठवतो? गाड्यांना काळं फासलं गेलं, एसटी बंद पडल्या, बेळगावहून कोल्हापूरला जायचं म्हटलं तरी आई दहा वेळा फोन करायची. त्या महिन्यात तिन्ही शाखा एकाच वेळी रंगमंचावर होत्या. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवलं. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणी दावे करायचे नाहीत आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती करायची, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात, २२ तारखेला, कर्नाटक विधिमंडळाने एकमताने ठराव केला: एक इंचही देणार नाही. २७ तारखेला महाराष्ट्र विधिमंडळाने एकमताने ठराव केला: ८६५ गावांतली इंच न् इंच जमीन घेणार.

दोन्ही ठराव टीव्हीवर मोठे दिसले. घटनेच्या दृष्टीने दोन्हींनी रेष एक मिलिमीटरही हलली नाही. राज्याच्या विधिमंडळाचा ठराव म्हणजे मत. कलम ३ खाली विचारलं तेव्हा दिलेलं मतसुद्धा बंधनकारक नसतं, मग न विचारता दिलेल्याचं काय? ठरावांना राजकीय अर्थ असतो, तो मी नाकारत नाही. लोकांच्या भावनेची नोंद होते. पण पुढच्या वेळी कुणी ‘ठराव झाला’ म्हणून पेढे वाटले, तर एवढं विचारायला हरकत नाही: हा ठराव कुठल्या दारात नेऊन देणार?

रेष न हलताही उघडणारी दारं

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट जाणवत राहिली. हद्दीच्या प्रश्नात तुम्ही-मी कुठल्याच दारावर स्वतः थाप मारू शकत नाही. तिथे दावा करणारं राज्य, उत्तर देणारं राज्य, कायदा करणारी संसद. पण भाषेच्या प्रश्नात घटनेने काही दारं थेट माणसासाठी ठेवली आहेत, आणि ती बेळगावकराला जशी लागू आहेत तशीच बडोदेकराला आणि इंदूरकरालाही.

कलम २९ प्रमाणे वेगळी भाषा, लिपी, संस्कृती असलेल्या नागरिकांना ती जपायचा हक्क आहे. कलम ३० प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. भाषिक अल्पसंख्य कोण हे राज्य धरून ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने २००२ मध्ये सांगितलं. त्यामुळे महाराष्ट्रात बहुसंख्य असलेली मराठी माणसं कर्नाटकात, गुजरातेत, मध्य प्रदेशात अल्पसंख्य ठरतात. हे मूलभूत हक्क आहेत. ते डावलले गेले तर एकटा माणूससुद्धा उच्च न्यायालयात जाऊ शकतो. आम्हाला धारवाडचं खंडपीठ जवळ, इंदूर-ग्वाल्हेरकरांना तर गावातलंच.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आणखी दोन कलमं आली, आपल्यासारख्या रेषेपलीकडे पडलेल्यांसाठीच. ३५०-अ सांगतं, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी राज्याने कराव्यात. ३५०-ब खाली राष्ट्रपती एक विशेष अधिकारी नेमतात, त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. आणि कलम ३५० म्हणतं, की गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत करता येतो.

ही कलमं २९ आणि ३० इतकी भक्कम नाहीत, हेही खरं. ती मूलभूत हक्कांच्या भागात नाहीत आणि त्यांचा अंमल बराचसा सरकारच्या इच्छेवर चालतो. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं असतील तर मातृभाषेचा शिक्षक द्यावा, हे १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतलं सूत्र. ज्या भागात अल्पसंख्याक भाषकांचं प्रमाण १५ टक्के किंवा जास्त असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हेही ठरलेलं. पण आमच्याकडे शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि शेजारचे काका तो वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. सूत्र आणि सवय यांत अंतर आहे. ते अंतर सरकारला दाखवत राहणं, अर्ज करणं, त्या अर्जाचा पाठपुरावा करणं, हे काम कुठल्याही निकालासाठी थांबलेलं नाही.

जो निर्णय कुणाकडेच दिलेला नाही

१९९४ मध्ये कर्नाटक सरकारने आदेश काढला, की प्राथमिक शाळेत माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असावं. खाजगी शाळांनी आव्हान दिलं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, की माध्यम लादायचा अधिकार राज्याला नाही; मुलाची मातृभाषा कोणती आणि ते कशातून शिकणार हे ठरवायचं पालकांनी. एका बाजूला कन्नड लादता येत नाही, हे आम्हा मराठी माणसांना बरंच वाटलं. पण त्याच निकालाने मराठीही लादता येत नाही. दोन्ही दिशांनी पाहिलं तर निर्णय विधानसभेकडे नाही, मंत्र्याकडे नाही, न्यायाधीशाकडेही नाही. तो आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आहे.

आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवरची मराठी शाळा मला हे रोज सांगते. माझे बाबा आणि आत्या तिथे शिकले, मीही चौथीपर्यंत तिथेच होते. वर्गात दाटीवाटीने बसायचो. आता एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात. दहा मुलांचं ते जुनं सूत्र एकेकाळी शिक्षक मिळवून देणारं होतं. आता मुलं दहाच्या खाली गेली तर तेच सूत्र उलटं फिरेल. या शाळेचं भविष्य ज्या निकालाची आपण वाट पाहतो त्यात लिहिलेलं नसेल. रेष महाराष्ट्राकडे सरकली तरी रिकाम्या वर्गात मुलं आपोआप येणार नाहीत, आणि जागीच राहिली तरी भरलेला वर्ग कुणाला सहज बंद करता येणार नाही.

माझी मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो इंग्रजी माध्यम, घरी मराठी वाचायला आपण शिकवू. सासूबाई म्हणतात, घरी शिकवू म्हणणाऱ्यांच्या मुलांना मराठी वाचता येतंय का, ते आधी जरा बघून या. मी दोन्ही शाळांत जाऊन पहिलीच्या वर्गात अर्धा अर्धा दिवस बसायची परवानगी मागितली आहे. मराठी शाळेच्या बाईंनी लगेच ‘या की’ म्हणून सांगितलं, आणि येताना मुलीलाही घेऊन या म्हणाल्या.